भाजीच्या फळीचा ठसा

आईची भाजी चिरायची जुनी फळी काळ्या शाईने माखून यंत्राच्या रुळाखाली सरकली, तेव्हा आईने डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं.

"फुटली तर गं?"

"नाही फुटत, काकू," अनघा म्हणाली. ही माझी मैत्रीण रोजच्या वापरातल्या वस्तूंचे ठसे कागदावर घेते. पण चाक ती अगदी जपून फिरवत होती. लाकूड करकरलं.

माणूस आपल्या खुणा कुठे ठेवून जातो, ते त्याला कळतही नाही. आम्ही खाल्लेल्या भेंड्यांचे, कांद्यांचे चरे त्या फळीवर होते आणि मी ती नुसती घासून भिंतीला टेकवत आले होते.

अनघाने पातळ कागद अलगद सोडवला. काळ्यावर पांढऱ्या तिरक्या रेघाच रेघा. मी हरखले. आईचा चेहरा मात्र उतरला.

"हे माझं नाही. हे उजव्या हाताचं आहे."

आई डावखुरी. सासरच्यांनी टोकून टोकून तिचं जेवणं, वाढणं उजव्या हातावर आणलं; सुरी तेवढी डाव्या हातात राहिली. ठसा उलटा उमटतो, त्यामुळे रेघाही उलट्या कलल्या होत्या. म्हणजे इथेही तिचा हात उजवाच झाला?

अनघाने कागद फिरवला आणि पाठीकडून खिडकीच्या उजेडात धरला. रेघा पुन्हा डावीकडे झुकल्या.

आईने माझं मनगट सोडलं. तोच डावा हात उचलून तिने त्या रेघांसमोर, हवेतच, भराभर सुरी चालवली.