काचेची चप्पल आणि एक शंका

नेकनूरजवळच्या एका गावात मी अंगणवाडी चालवते. दोन-तीन वर्षांपूर्वी तिथं चार वर्षांची एक मुलगी यायची. घरी तिची बडबड थांबत नसे, पण दाराबाहेर पाऊल पडलं की तोंडाला कुलूप. तिची आई रोज न्यायला आली की विचारायची, "आज बोलली का ताई?" मी नुसती नकारार्थी मान हलवायचे. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जबरदस्ती करू नका, वाट बघा. पाच महिने आम्ही वाटच बघत होतो.

एके दिवशी मी काचेच्या बुटाची गोष्ट पुस्तकातून वाचायला घेतली. राजवाडा, मेजवानी, नाच. दोन मिनिटांत अर्धी पोरं नळाकडे पळाली. मग पुस्तक मिटलं आणि गोष्ट आपल्या गावात आणली. बुटाची चप्पल केली, भोपळ्याची रिक्षा केली. शेवटची एसटी चुकेल म्हणून नायिका लग्नाच्या मांडवातून पळाली, आणि तिची एक चप्पल तिथंच राहिली. राजपुत्र ती घेऊन टमटममधून गावोगाव निघाला. मी माझीच चप्पल काढून पोरांच्या पायांना लावत फिरले. "मावशी, पाय आखडा! पैलवान, तुमी कावून रांगेत?" पोरं लोळून हसत होती.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. "ताई, दुसरी चप्पल कुठंय?"

तीच बोलली होती. तिला उचलून घ्यावंसं वाटलं, पण मी जागची हलले नाही. रोजच्यासारखंच म्हटलं, "तिच्या घरी असंल."

"मंग ती दाखव म्हणावं की! समदे पाय कावून घालायलेत?"

इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगत होते, पण हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला हसू आवरेना. पण आपल्यालाच हसतात असं वाटून तिचा ओठ थरथरायला लागला. मी घाईनं तिच्याजवळ बसले. "तुझं बरोबर हाय बाई. त्या राजपुत्राला लई कमी अक्कल." तेव्हा कुठे ती हसली.

दुपारी आईला सांगितलं तर ती पायरीवरच बसली. "माझ्या पोरीनं तुमाला अडवलं?" असं म्हणत पदरानं डोळे पुसायला लागली, आणि हसतही होती.

पुढचे दोन दिवस पोरगी पुन्हा गप्प. मी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी गोष्टीतला लांडगा फुंकर मारून डुकराचं गवताचं घर पाडत होता, तेव्हा ती म्हणाली, "त्याला दम लागला आसंल. पाणी द्या." त्यानंतर मात्र ती बोलतच राहिली.

आता ती पहिलीत आहे. परवा तिचे गुरुजी एसटी स्टँडवर भेटले. "ताई, ही पोर मला एक धडा पुरा वाचू देत न्हाई."

"मग थोडं थांबत जा, गुरुजी," मी म्हटलं.