दादाने न उचललेली फरशी

कुणाच्याही घरी गेला की माझा दादा आधी खाली बघतो. माणसं नंतर. वहिनीच्या माहेरी पहिल्यांदा गेला तेव्हा त्याने तिच्याकडे पाहण्याआधी दारातली उचकटलेली लादी पाहिली, आणि चहा यायच्या आत "ही मी बसवून देतो" असं सांगून मोकळा झाला. वहिनी अजून म्हणते, "लग्न माझ्याशी केलं, पण जीव जडला होता तो त्या लादीवर."

जुन्या फरश्या उखडायच्या आणि नव्या बसवायच्या, हाच त्याचा जन्मभराचा धंदा. गुडघ्यांना घट्टे, बोटांवर पटाशीचे ओरखडे, आणि आवाज असा की तळमजल्यावर बोलला तर गच्चीवर ऐकू यावं. घाबरणं हा प्रकार त्याला ठाऊकच नव्हता. एकदा एका घरात विजेचा झटका लागून तो पार कोपऱ्यात फेकला गेला. उठला, कपाळ चोळलं आणि म्हणाला, "चला, वायर जिवंत आहे, एवढं तरी कळलं." मी त्याची धाकटी बहीण. शाळेत शिकवते, त्यामुळे आवाज मलाही आहे. आमचं दोघांचं लहानपणापासून पटतं, पण ते भांडूनच.

त्यामुळे माझ्या स्वयंपाकघराची जमीन बदलायची ठरली तेव्हा दुसऱ्या कुणाला बोलवायचा प्रश्नच नव्हता. घर आम्ही जुनंच विकत घेतलेलं. जमिनीवर व्हिनाइलचं आच्छादन होतं, ते ओट्यापाशी फाटलं होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी दादा आला, गुडघे टेकून बसला आणि फाटलेल्या जागी त्याने ते जरासं उचललं. खाली लहान चौकोनी जुन्या फरश्या होत्या. करड्या, पांढऱ्या रेघांच्या. एकीचा कोपरा सुटला होता आणि त्याखाली डांबरासारखा काळा गोंद दिसत होता.

दादाने आच्छादन हळूच परत खाली सोडलं.

"पंखा बंद कर."

"अरे, उकडतंय किती!"

"बंद कर म्हणतो ना! आणि इथे कुणी झाडू मारायचा नाही."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मला हसूच आलं. "का रे, साप आहे का खाली?"

"साप असता तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "या जुन्या फरशीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. गोंदातसुद्धा. असेलच असं नाही. नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही, तपासूनच घ्यावं लागतं. फरशी फुटली, घासली की त्याचे तंतू हवेत उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. आत गेले की बाहेर येत नाहीत."

"मग आजवर तू काय करत होतास? अशा किती उखडल्यास, त्याला गणती आहे का?"

त्याने पटाशी पिशवीत परत टाकली. मला वाटलं, वय झालं, दुसरं काय. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," मी म्हटलं. "नमुना तपासायला पाठवू," एवढं म्हणून तो निघाला.

दोन दिवसांनी तो नमुना घ्यायला आला. नाकातोंडावर दोन्ही बाजूंना फिल्टर असलेला घट्ट मास्क, हातमोजे, अंगभर एकदा वापरून टाकायचा पांढरा झगा. मला बाहेर काढून त्याने दार लावलं, आणि मी दाराच्या काचेतून बघत उभी राहिले. त्याने खाली प्लास्टिक अंथरलं. साबणाचे थेंब घातलेलं पाणी बाटलीतून फवारलं, थांबला, परत फवारलं. झोपलेल्या बाळाखालचं दुपटं काढावं तसा त्याने तो सुटलेला कोपरा उचलला. तोडला नाही, खरवडला नाही. फरशीचा एक कपचा आणि थोडा गोंद त्याने वेगवेगळ्या पिशव्यांत घातला, त्या आणखी एकेका पिशवीत. मग ओल्या फडक्याने जागा पुसली, वर रुंद चिकटपट्टी दाबून बसवली. फडकं, प्लास्टिक, झगा, सगळं ओलं करून पिशवीत बांधलं. दोरी न लावता सरळ रांग बसवणारा माणूस, पण चिकटपट्टीच्या कडा त्याने चार-चारदा दाबून पाहिल्या. ते पाहिलं आणि मी काचेपासून एक पाऊल मागे सरकले.

नमुने प्रयोगशाळेत गेले. निकाल येईपर्यंत स्वयंपाकघर बंद. मी व्हरांड्यात शेगडी मांडून करवादत स्वयंपाक करायची. दादाचा रोज फोन. हालहवाल नाही, काही नाही. "दार उघडलं नाहीस ना? झाडू नाही ना मारलास?" शेवटी वैतागून मी वहिनीकडे तक्रार घेऊन गेले. म्हटलं, तुझ्या नवऱ्याला आवर, दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हा तर पाणी फुंकतोय.

वहिनी हसली नाही. तिने मला बसवलं.

"त्यांचा जोडीदार गेला ना मध्ये," ती म्हणाली. जोडीदार म्हणजे दादाबरोबर पहिल्या दिवसापासून फरश्या उखडणारा मिस्त्री. तो छातीच्या दुखण्याने गेला एवढंच मला माहीत होतं. "फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी आधी काय विचारलं असेल? काम काय करता. हे तिथेच उभे होते. तेव्हापासून पाचावर धारण बसलीय त्यांची. झोप नाही, जेवण नाही."

"पण त्याचा माझ्या फरशीशी काय संबंध?"

"अगं, तीच फरशी आहे ती. तीच करडी, त्याच रेघा. उमेदवारीत या दोघांनी अख्ख्या वसाहतीतून हीच उखडली होती. कोरडी, हातोडीने, दारंखिडक्या लावून. जोडीदार गेल्यावर हे तिथे जाऊन आले, पण आता तिथे तिचा तुकडाही उरलेला नाही. तुझ्या घरी सापडली." तिने पदराने डोळे पुसले. "तुझ्या स्वयंपाकघराचा निकाल नाही लागणार गं. आमचा लागणार आहे."

घरी आल्यावर स्वयंपाकघराचं दार नीट लागलंय ना, ते मी स्वतःच पाहून घेतलं. त्या रात्री मलाही झोप लागली नाही.

निकाल आला तेव्हा दादा माझ्याकडेच होता. फरशीत ॲस्बेस्टॉस निघालं. गोंदातही निघालं. मला वाटलं हा कोसळेल, पण तो कामाचं बोलायला लागला, एकदम शांतपणे. "ही उखडायची नाही. अख्खी आहे, चिकटलेली आहे, तोवर ती कुणाला काही करत नाही. भोक पाडायचं नाही, घासायचं नाही. मी वरून नवी जमीन अंथरून देतो, खिळा न मारता. उद्या काढायचीच झाली तर परवानावाली माणसं बोलवायची, ती खोली बंद करून काढतात. आणि घर विकलंस तर घेणाऱ्याला आधी सांगायचं."

"बरं," मी म्हटलं. त्या दिवशी वाद घालायचं त्राणच नव्हतं.

"आणि छातीचा फोटो काढून घ्यायचा. मी, तुझी वहिनी आणि तू."

"मी कशाला? मी कधी पटाशी धरली?"

त्याने मान खाली घातली. त्याचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता. "वहिनी आली तेव्हापासून मी कामावरच कपडे बदलायला लागलो. त्याआधी माझे कपडे कोण झटकायचं?"

आई गेली तेव्हा मी शाळकरी पोर होते. दादा कामावरून यायचा तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. त्याने जिन्यातच सदरा काढायचा, माझ्या हातात द्यायचा, आणि मी तो कठड्यावर दणादण आपटायचा. ढग उठायचा. मी खोकायची आणि हसायची. "दादाचं पीठ झालं!" म्हणून ओरडायची. तोही हसायचा. दिवसभरातली आमची तेवढीच गंमत. वहिनी घरात येईपर्यंत हे असंच चालू होतं, आणि ते काम दुसऱ्या कुणाला करू द्यायला मी तयार नसायची.

इतके दिवस हा माणूस रोज फोन करत होता तो कशासाठी, ते मला आत्ता कळत होतं.

फोटो काढले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ते एकेक करून उजेडाच्या पाटीवर लावले. दादाच्या फुप्फुसाच्या आवरणावर पांढरे चट्टे होते. त्याने नुसती मान हलवली. वहिनीचा फोटो स्वच्छ निघाला तेव्हा मात्र त्याने डोळे मिटून मोठा श्वास घेतला. मग माझा. बाईंचं पेन उजवीकडे खाली गेलं आणि तिथेच थांबलं.

"इथे एक छोटासा चट्टा आहे. हा आजार नाही. धूळ आत गेली होती, त्याची खूण आहे. पण दोघांनीही दर वर्षी दाखवायचं. मध्ये दम लागला, खोकला राहिला, तर लगेच या."

"नीट बघा," दादा म्हणाला. "फोटो बदलले असतील. ती मास्तरीण आहे हो. तिने हे काम कधी केलेलंच नाही."

बाईंनी फोटोवरचं नाव परत वाचून दाखवलं.

बाहेर बाकावर आम्ही तिघं बसलो. एखादा विनोद करावा म्हणून मी तोंड उघडलं. "मला भीती वाटतेय, दादा," एवढंच आलं.

"मीच द्यायचो तुझ्या हातात," तो म्हणाला. "रोज. मीच."

"मला आवडायचं रे ते," मी म्हटलं, आणि तेवढ्याने तो ओक्साबोक्शी रडायला लागला.

वहिनीने त्याला सावरलं. जरा वेळाने नावनोंदणीच्या खिडकीपाशी पुढच्या वर्षीची तारीख घ्यायला तो स्वतःच उठून गेला. त्याने आधी माझं नाव सांगितलं, मग स्वतःचं.