एका बिलाला एकच कूपन

देवाच्या शब्दावर पूर्ण विश्वास आणि पाकिटावरच्या छापील किमतीवर मुळीच नाही, अशी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या शिरूरच्या माझ्या घरमालकीणबाई. मिशनच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, खाली एकट्या राहणाऱ्या. मी रांजणगावच्या कंपनीत नोकरीला लागले तेव्हा त्यांची वरची खोली घेतली. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची. मला तेवढं म्हणायलाही दोन महिने लागले.

मावशींकडे दवाखान्यातली जुनी कात्री होती. सकाळी चहाच्याही आधी त्या वर्तमानपत्रातली कुपनं अशा जपून कापायच्या, की टाके काढताहेत असं वाटावं. माझ्यापर्यंत पेपर यायचा तो खिडक्या पाडलेला. बातमीचा शेवट मनानेच लावायची मला सवय झाली. कापलेली कुपनं मुदतीच्या क्रमाने गीतांच्या पुस्तकात जायची. एका रविवारी चर्चमध्ये उपासनेत सगळे गायला उभे राहिले, मावशींनी पुस्तक उघडलं आणि धुण्याच्या पावडरीचं कूपन तरंगत पाळकसाहेबांच्या पायाशी जाऊन पडलं. त्यांनी ते उचलून परत द्यायला हात पुढे केला. मावशी हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तुमालाच. उद्या शेवटची तारीख हाय."

माझं शिक्षण पहिल्याच महिन्यात सुरू झालं. दुकानात काही विचारण्यापेक्षा मागतील तेवढे पैसे देऊन बाहेर पडणं मला सोपं वाटायचं. मावशींनी माझी पिशवी पायरीवर रिकामी केली. "ह्या तेलावर कूपन व्हतं. चहावर बी व्हतं. आगं, तू सामान घिऊन आलीस का दान करून आलीस?" मग नियम सांगितले. आधी घरातले डबे उघडून बघायचे, मग यादी, आणि कूपन सगळ्यात शेवटी. "जे लागतच न्हाई, त्याचं कूपन म्हंजी सापळा." त्या स्वतः तेव्हा ओट्सची चार पाकिटं घेऊन बसल्या होत्या. त्यांची थालीपिठं आम्ही दोघींनी तीन आठवडे खाल्ली.

बायपासवरच्या मोठ्या दुकानात मात्र पाटी होती : एका बिलाला एकच कूपन. म्हणून मावशींना दुसरं गिऱ्हाईक लागायचं, आणि ते मी. "आत गेल्यावर वळख दाखवायची न्हाई," त्या दारातच बजावायच्या. मला ते सहज जमायचं. ओळख न दाखवण्यातच माझं बरंचसं आयुष्य गेलेलं. मावशींना काही जमायचं नाही. रांगेत माझ्यापुढे उभ्या असल्या तरी मध्येच वळून विचारायच्या, "बाळ, पिशवी आणलीस ना?" काउंटरवरची मुलगी हसून म्हणायची, "मावशी, ही तुमची कोण?"

"कोन जाणे! चांगल्या घरची दिसती."

एका शनिवारी माझ्यामागे ऑफिसातल्या दोघी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्याशी मी इंग्रजीत बोलायची, नेटकं आणि मोजकं. पुढे मावशी काउंटरवर गीतांचं पुस्तक उघडून रव्याच्या पाकिटासाठी भांडत होत्या. एकीने हसू दाबत विचारलं, "तुझ्याबरोबर आहेत का गं?"

"नाही. मी नाही ओळखत त्यांना."

हे मी कुपनासाठी म्हटलं नव्हतं.

मावशींचा हात पुस्तकावर थांबला. मग त्यांनी रवा मुकाट्याने बाजूला ठेवला, पैसे दिले आणि निघाल्या. वळल्या नाहीत, पिशवीचंही विचारलं नाही. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदाच अनोळखी होता आलं. त्या दोघी गेल्यावर मावशी दुकानाच्या फाटकाच्या आडून पुढे आल्या आणि नेहमीसारखी जड पिशवी माझ्या हातातून घेतली. "आज बराबर जमलं बघ," म्हणाल्या. घरापर्यंत मी माफीचे शब्द शोधत होते, दोन्ही भाषांत. सापडले नाहीत. नंतर कित्येक शनिवार आम्ही त्याच रांगेत उभ्या राहिलो, तरी नाही.

मग मावशींचे गुडघे दुखायला लागले आणि भाचा त्यांना दौंडला घेऊन गेला. तिथून दर महिन्याला पाकीट येतं. प्रत्येक कुपनाची जोडी, दोन पेपरांतून कापून टाचणीने जोडलेली. पोचेपर्यंत निम्म्यांची मुदत संपलेली असते. वर लिहिलेलं असतं, 'तारीख बघ.' मी एकही फेकलेलं नाही.

परवा फोनवर भाचा म्हणाला, "हितं बी तसलंच दुकान हाय. आत्या रांगेत उभ्या ऱ्हायल्या की मागं वळून बघत्यात. कुणाला, इचारलं तर सांगत न्हाईत."

येत्या शनिवारी मी एसटीने दौंडला जाणार आहे. रांगेत त्यांच्या मागेच उभी राहीन. काउंटरवर कुणी विचारलं, दोघी एकत्र का, तर हो म्हणेन, मागच्यांनाही ऐकू जाईल असं. एक कूपन वाया जाईल आणि मावशी सगळ्यांदेखत मला झापतील.

पिशवी मी आजच दाराच्या कडीला अडकवून ठेवली आहे.