गयाकाकू आखाड्यावर राहायला गेल्या

दुपारी कुणी हाक मारून "काय करायलात काकू?" असं विचारलं, तर गयाकाकू "बसलेय" एवढंच सांगत. आमच्याकडे बाईमाणसानं असं उत्तर द्यायची पद्धत नाही. बसलेली बाईसुद्धा शेंगा तरी फोडत असते, नाहीतर वाती तरी वळत असते. काकूंचे हात मात्र मांडीवर रिकामे पडलेले असत आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे.

हे सगळं त्या आखाड्यावर राहायला गेल्यानंतरचं. आखाडा म्हणजे शेतातलं घर. पत्र्याची एक खोली, पुढं कडुलिंब, बाजूला विहीर. त्यांचं आणि आमचं शेत बांधाला बांध लागून, ताडकळसच्या अलीकडं. नवऱ्याचं वर्षश्राद्ध झालं आणि साठीला टेकलेल्या काकूंनी दोन पातेली नि एक वाकळ उचलली. मुलगा बाळू स्वभावानं गरीब, सून मंगल त्याहून गरीब. भांडण नाही, तंटा नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "बापाच्या घरी बापाचं ऐकलं, इथं मालकाचं. समद्यांचं करून झालं. आता माझं म्हणून काही हाय का न्हाई, ते बगायलेय. घरात बगाया गेलं की कुणीतरी च्या मागतंय."

मला हे कळलं असं म्हणवत नाही. गावाला तर अजिबात कळलं नाही. आखाड्यावर एकटं कोण राहतं? भावाभावांत वाटणी फिसकटलेला, नाहीतर सुनेनं हाकललेली. गावानं यातलं दुसरं कारण पक्कं केलं, सुनेनं हाकललं. समजूत काढायला जाणत्यांची रांग लागली. काकू सगळ्यांना चहा देत आणि म्हणत, "आलात तर बसा. पर माझ्यासंगं बसायचं तर गप बसा." जाणती माणसं गप बसायला आलेली नसतात. ती चहा पिऊन उठत.

उन्हाळ्यात एका दुपारी मेंढ्या चारणाऱ्या एका बाईनं काकूंना विहिरीत उडी टाकताना पाहिलं आणि बोंब ठोकली. आम्ही दोर आणि बाज घेऊन धावलो. सगळ्यांच्या पुढं मंगल, अनवाणी, रडत. आत पाहतो तर काकू लुगड्याचा काष्टा घट्ट मारून, डोळे मिटून, पाण्यावर उताण्या पडलेल्या. "मराया आले न्हाई," त्या खालून म्हणाल्या. "पवायलेय. दोर न्या घरी."

काकूंचं माहेर गोदावरीकाठचं, म्हणजे आमच्या भाषेत गंगेकाठचं. लग्नानंतर पाण्यात पाय सोडून बसायलाही त्यांना सवड मिळाली नव्हती. नंतर त्यांनी मला सांगितलं, "सैपाक आईनं शिकवला, खुरपणं सासूनं. रोज बसून इचार केला, आपलं आपण काय शिकलो? एक पवणं तेवढं निगालं. आन् तेच सोडलं व्हतं बगा."

पण गावात बातमी काय गेली? गयाबाईनं विहीर जवळ केली. ताडकळसच्या बाजारात ती आणखी फुगली. मंगलच्या धाकट्या बहिणीची सोयरीक पूर्णेला जमत आली होती. त्या मंडळींचा निरोप आला, जरा थांबू. जिची थोरली बहीण सासूला विहिरीत ढकलते, तिला सून करून कशाला आणा? काकूंनी हे ऐकलं आणि वाकळ बांधायला घेतली. "माझ्या बसण्यापायी लेकराचं वाटोळं नको." त्या दिवशी मला त्यांची खरोखर दया आली. नुकतं कुठं हाती लागलेलं सोडून त्या निघाल्या होत्या.

तेवढ्यात मंगल आली. वाकळ सोडत म्हणाली, "आत्याबाई, तुमी आता घरी आलात तर लोक म्हणतील, लाजंखातर आणली. माझं नाव जायाचं ते गेलंय. मला पवायला शिकवा." एवढं बोलणं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मग रोज दुपारी काकू मंगलच्या पाठीला प्लास्टिकचा रिकामा डबा बांधून तिला पाण्यात सोडू लागल्या. काठावर बघ्यांची गर्दी. सासू ओरडायची, "पाय झाड की, मला कशाला धरायलीस?" आणि सून नाकातोंडात पाणी जाऊन खोकत खोकत हसायची. ते हसणं पाहिल्यावर ढकलल्याची गोष्ट टिकणार कशी? पूर्णेकरांच्या घरची एक म्हातारी मुद्दाम येऊन पाहून गेली. सोयरीक झाली.

पुढं गावातल्या पोरी येऊ लागल्या. आमच्याकडे मुलांना विहिरीत टाकून शिकवतात आणि मुलींना काठापासून लांब ठेवतात. काकू पोरींना शिकवत आणि त्या गेल्या की पुन्हा बसत. म्हणायच्या, "शिकवणं ठीक हाय, पर आदी बसावं लागतं. न्हाईतर आपल्यापाशी शिकवायला काय हाय, तेच गावत न्हाई." माझ्या मुलीलाही त्यांनीच शिकवलं. मी अजून काठावरच आहे.

काकू यंदा उन्हाळ्यात गेल्या, झोपेतच. भेटायला आलेल्या बायकांत एकीनं उसासा टाकला, "शेवटपतोर एकटी ऱ्हायली बिचारी."

मंगल म्हणाली, "घरात व्हत्या तवा त्या सासू व्हत्या. तिकडं एकट्या ऱ्हायल्या म्हणून तर मला भेटल्या."

तिसऱ्या दिवशी दुपारी पोरी डबे घेऊन मंगलच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना सुतक काय कळतंय. कुणीतरी कुजबुजलं, सासूची राख अजून गरम आहे, लोक काय म्हणतील. मंगलनं ते ऐकलं. मग पदर खोचला आणि पोरींना पुढं घालून आखाड्याची वाट धरली.