पंगतीतला बाप

पांढरकवड्यात माझ्या फोटो स्टुडिओसमोर एकाचं लग्नाच्या अल्बमचं दुकान. कापसाला भाव नव्हता त्या वर्षांतही लग्नवाले त्याच्याकडेच जायचे. नवरीचा बाप वारलेला असला, की मी कॉम्प्युटरवर त्याचा जुना फोटो कापून तिच्याशेजारी बसवायचो. हा समोरचा मात्र त्या बापाला मागं, पंगतीत वाढताना दाखवायचा.

"नवरीचा बाप कधी फोटोसाठी उभा राह्यते काय, भाऊ?" माऊस न सोडता तो मलाच विचारायचा.

अल्बम पाहून बायका रडायच्या. मी जळायचो.

माझ्या लेकीच्या लग्नात फोटो मीच काढले, म्हणून एकातही मी नव्हतो. बायकोनं अल्बम त्यालाच करायला दिला. शेवटच्या पानावर बुंदीची बादली घेऊन मी पंगतीत वाकलेला. बायको रडली.

मी अजून भिंग लावून स्वतःची कापलेली कड शोधतो. सापडत नाही.