ओटी भरलेली नवरी

गोव्यातून निघाले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. त्या वेळी गोवा म्हणजे परका देश. राज्य पोर्तुगालचे आणि सरहद्द बंद. मामांच्या मागून घाटातल्या आडवाटेने चालत आले. आता कोणी ऐकले की मला धीट म्हणतात. धीट वगैरे काही नव्हते. आमच्या गावच्या उत्सवात मी दोन नाटकांत उभी राहिले होते, लोकांनी वाखाणले होते, तेवढ्यावर मला वाटले की मी नटी आहे. मामा एका फिरत्या नाटक कंपनीत पेटी वाजवत. त्यांनी नेतो म्हटले, मी गेले. परत कसे यायचे हे दोघांनीही मनात आणले नाही.

कंपनी यवतमाळ जिल्ह्यात होती. कापूस विकला जाऊ लागला की एकेका गावी तंबू ठोकायचा, आठ-दहा दिवस खेळ करायचे, सामान बैलबंड्यांवर लादायचे आणि पुढचे गाव. मी पौषात पोचले. मासळी नाही, भात नाही. ज्वारीची भाकरी मला थापता येत नव्हती. कंपनीचा आचारी तिकडचाच. तो म्हणायचा, "काहून वो बाई, भाकर थापून राह्यली का नकाशा काढून राह्यली?"

कंपनीच्या मालकांनी माझ्याकडून एक उतारा वाचून घेतला. चौथीपर्यंत मराठी शाळा झाली होती, वाचता येत होते. ते म्हणाले, "बोलतेस की गातेस? तो गोव्याचा हेल आधी मोड. मग बघू."

मग मी तबक धरून उभी राहायची दासी झाले. दासीला वाक्य नव्हते. बाकी वेळ फाटलेले शालू शिवणे, कोळशाची इस्त्री फिरवणे, विंगेत बसून पुस्तकावर बोट ठेवून नटांना विसरलेली वाक्ये पुरवणे. नायिकेचे काम करणारी बाई चाळिशीची होती. तिचे पाय चेपणे हेही माझ्याकडेच आले. ते कोणी सांगितले नव्हते, आपोआप आले.

पावसाळ्यात खेळ बंद असत. लोहाऱ्याला एका गोदामात कंपनी चार महिने पडून राहिली. तिथे मी तिसरा अंक पाठ केला. त्यात सासूच्या छळाला कंटाळून नवरी विष पिते आणि मरण्याआधी दीड पान बोलते. मी मालकांना विचारले, दीड पान होईपर्यंत विष थांबते कसे? ते म्हणाले, "तुला काम हवंय की डॉक्टरकी?" गोदामात सरकीची पोती होती. त्यांच्यावर रोज मरून पडायचे. डाव्या कमरेवर काळानिळा डाग पडला होता, तो दिवाळीपर्यंत गेला नाही. हेल मात्र गेला.

दिवाळीनंतर आम्ही फुलसावंगीला उतरलो. रात्रीच्या खेळाला गावातल्या बायका येत नसत, म्हणून मालकांनी दुपारचा बायकांचा खेळ लावला. नायिका म्हणाली, दुपारी तंबूत जीव उकडतो, तोंडावरचा रंग वितळतो, मी करणार नाही. मालकांनी मला बोलावले. "दुपारची नवरी तू. तिसरा अंक जमला तर रात्रीची पण तूच. नाही जमला तर जन्मभर तबक धर."

दुसऱ्या अंकात नवरी सासरी निघते आणि आई तिची ओटी भरते. आई झालेला नट पन्नाशीचा बुवा होता, मिशी काढून लुगडे नेसायचा. ओटीला आमच्याकडे रिकाम्या सुपात एक करवंटी, वरून मातीचा रंग दिलेली. रात्री पुरुषांसमोर ती कैक वर्षे नारळ म्हणून चालली होती. बायकांसमोर तीच करवंटी न्यायची नाही, हे कंपनीत एकालाही सुचले नाही. मलाही नाही.

करवंटी माझ्या पदरात पडली आणि पुढे बसलेली गावची पाटलीण उठली.

"थांबा वो! रिकामी करवंटी घालून राह्यले लेकीच्या पदरात? अशानं कूस रिकामी राह्यते तिची!"

आई झालेला नट पुढचे वाक्य बोलू लागला. पाटलीण सरळ वर चढली.

"अन् तू तं बाप्या हायेस. तू कायले ओटी भरतं? सरक तिकडं."

सगळा तंबू हसला. पाटलिणीने सुनेला घरी पिटाळले. ती गहू, नारळ आणि खण घेऊन येईपर्यंत नाटक थांबले. मामा पेटीवर काहीतरी वाजवत बसले. मग तिने माझी ओटी भरली. तिच्यामागून दुसऱ्या बायका आल्या. कोणी पळत घरी जाऊन आली, कोणी पदरच्या गाठीतली सुपारी दिली. तांड्यावरची एक बंजारा म्हातारी आली, गळ्यात पडली आणि त्यांच्यात नवरी निघताना रडत गातात तो ढावलो तिने सुरू केला. तिच्या हातभर बांगड्या माझ्या मानेला टोचत होत्या. माझ्या डोक्यात एकच, तिसरा अंक कधी सुरू होतो.

तो सुरू झाला. मी पेला घेऊन आले, दोन वाक्ये बोलले. आवाज चांगला लागला होता.

"ठेव तो पेला," पाटलीण म्हणाली.

मी आवाज चढवून पुढे बोलत राहिले. ती पुन्हा वर आली.

"आताच ओटी भरली न तुही? भरल्या ओटीनं मरतं का कोनी? आमच्या गावाले पाप लावतं काय?"

मी नाटक सोडून तिला म्हटले, "आई, हे खोटं आहे. नाटक आहे."

"असन नाटक. गहू तं खरे हायत न?"

मागून कोणीतरी ओरडले, "पाजाचंच असन तं त्या सासूले पाजा!" सासू विंगेत पळाली. पाटलिणीने माझ्या हातातला पेला घेतला, त्यातले गुळाचे पाणी फळ्यांच्या कडेवरून खाली मातीत ओतले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पडदा टाकावा लागला.

मालक रागावले नाहीत. रागावले असते तर बरे होते. ते गव्हाच्या ढिगाकडे बघत होते. महिनाभर ज्वारी खाल्लेल्या कंपनीने त्या रात्री पोळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या खेळाला तिसरा अंक नाही असे ठरले. ओटी भरली की पडदा. आमच्या बंड्या पोचायच्या आधी पुढच्या गावांना खबर पोचायची आणि बायका सुपे घेऊनच यायच्या. मी मान खाली घालून पदर पसरून बसायची. त्याला अभिनय लागत नाही. मान दुखते, एवढेच.

मुकुटबनला पोचलो तेव्हा मला येऊन वर्ष झाले होते. मी मालकांना म्हटले, एक रात्र मला तिसरा अंक द्या.

ते म्हणाले, "रात्री मेलीस हे घरच्या पुरुषांनी सांगितलं, तर दुपारी बायका ओटी भरतील का? तू मरायचं नाहीस."

आचारी म्हणाला, "तू मेली तं पोया बंद, बाई."

मामा पेटी पुसत होते. ते म्हणाले, "बस गो. पोट भरता न्हय? आता खंय वचपाचें?" आता कुठे जायचे, म्हणे. मी शालू नेसायला गेले.

त्या दुपारी ओटी भरून झाली, बायका खाली उतरल्या, आणि मी उठले. पदर गव्हाने जड झाला होता, तो कमरेला खोचला. पेला नव्हता. मी नुसती हाताची ओंजळ तोंडाला लावली आणि दीड पान सुरू केले. चौथ्या वाक्याला मालकांनी खूण केली आणि पडदा पडला. पलीकडे बायका उठत होत्या, पोरांना हाका मारत होत्या. मी थांबले नाही. सगळे दीड पान बोलले आणि फळ्यांवर पडले.

आई झालेला नट कोपऱ्यात तोंडाचा रंग पुसत बसला होता. बघायला तो एकटाच होता. तो म्हणाला, "पडणं चांगलं होतं." मग म्हणाला, "ऊठ, गहू सांडलेत. पायाखाली येतील."

मी उठून गोळा केले. फळ्यांच्या फटीत गेले ते सोडून दिले.