गडगडाटात तुटलेला फोन

मे महिन्यातल्या एका दुपारी गावाहून आलेला आप्पांचा फोन मध्येच तुटला. त्याआधी ते एवढंच बोलले होते : "आरं ऐक, छातीत लई दाबल्यागत..." मागे आभाळ गडगडल्याचा आवाज होता.

मी बेळगावात, ऑफिसात होतो. आप्पांच्या हृदयात गेल्याच वर्षी स्टेंट घातला होता. मी उलट फोन लावला. ग्राहक संपर्क क्षेत्राबाहेर आहेत, असं रेकॉर्ड केलेल्या आवाजानं आधी कन्नडमध्ये आणि मग इंग्रजीत सांगितलं. आईचा फोनही तसाच. शेजारच्या काकांचाही.

आमचं गाव खानापूरच्या पुढे, गुंजीच्या पलीकडे, जंगलालगत आहे. चिऱ्याच्या जाड भिंतींच्या आत मोबाइलला रेंज नसते. ती मिळते देवळामागच्या टेकाडावर. म्हणून मी घरात फायबरचं कनेक्शन घेतलं आणि सगळ्यांच्या फोनवर वायफाय कॉलिंग सुरू करून दिलं. घरच्यांच्या लेखी गावाला रेंज आली होती. पासवर्ड विरजणासारखा मागेल त्याला दिला जाई. काकांचा फोनही आमच्याच राउटरवर चालायचा. वीज गेली तरी राउटर बंद पडू नये म्हणून त्याला छोटी बॅटरी जोडलेली होती.

माझ्या फोनमधल्या अॅपवर राउटर बंद दिसत होता. बॅटरी असताना तो बंद पडण्याचं मला एकच कारण सुचलं : घरावर वीज पडली.

मी तसाच गावाकडे निघालो आणि खानापूरला पोचेपर्यंत तिन्ही नंबर फिरवत राहिलो. तिथल्या दवाखान्याच्या आवारात अॅम्ब्युलन्स उभी होती.

"पेशंट कोण?" ड्रायव्हरनं विचारलं.

"वडील."

"बोलतायत न्हवं?"

"म्हाईत न्हाय. फोन तुटलाय."

"आवो, आभाळ वाजलं की सगळ्यांचंच फोन तुटत्यात," तो म्हणाला. पण म्हणता म्हणता त्यानं गाडी सुरू केली होती. मी पुढं त्याच्या शेजारी बसलो.

जंगलात रस्त्यावर सागाची फांदी आडवी पडली होती. ती ओढून बाजूला करताना माझ्या हातांना पकड येत नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, "तुम्ही बसा गाडीत. न्हायतर दोन पेशंट हुतील." माझ्या फोनलाही आता रेंज नव्हती.

घर जागेवर होतं. कौलं शाबूत होती. आप्पा अंगणात भिजत उभे होते.

"मला काय झालं न्हाय रं," ते म्हणाले. "तुझी आई. आत बघ."

आई पलंगावर पडून होती. अंग घामानं चिंब होतं, ओठ पांढरे पडले होते. छातीत दाबल्यासारखं तिला सकाळपासून होत होतं. तिनं ते दुपारी सांगितलं, तेव्हा आप्पांनी मला फोन लावला. तेवढ्यात गडगडाट सुरू झाला आणि आई उठली. आभाळ वाजलं की आमच्याकडे घरातला एकूण एक प्लग काढतात. तिनं टीव्हीचा काढला, फ्रिजचा काढला. शेवटी राउटर बॅटरीपासून सोडवून घोंगडीत गुंडाळून ठेवला. आप्पांच्या हातातला फोन त्याच वेळी तुटला. आपल्यामुळे तुटला हे तिला कळलं नाही, आप्पांनाही नाही. वळवानं रेंज गेली, असं दोघांनी धरलं. काका छत्री घेऊन टेकाडावर गेले आणि तिथून त्यांनी मला बऱ्याचदा फोन केला. तेव्हा मी जंगलातल्या रस्त्यावर होतो.

आईला स्ट्रेचरवरून गाडीत घेतलं. ऑक्सिजनचा मास्क लावला. तिनं तो हातानं वर उचलला.

"तुझ्या आप्पाला किती येळा सांगिटलं, आभाळ वाजताना फोनवर बोलत बसू नगो म्हणून."

"आई, बोलू नको."

"व्हय, मीच बोलू नगो. त्यांनी बोललेलं चालतंय."

आप्पा तिच्या पायांशी बसले होते. त्यांनी मास्क पुन्हा नीट बसवला. खानापूरच्या पुढे ती बोलायची थांबली. मी पुढच्या सीटवरून मागे वळून काचेतून तिच्या छातीची हालचाल बघत होतो. रस्ता खराब होता आणि गाडी हलत होती, त्यामुळे हालचाल तिची की गाडीची हे ठरवता येत नव्हतं.

बेळगावच्या हॉस्पिटलात ईसीजी काढला. हार्ट अॅटॅक आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईला आत नेलं, तेव्हा ती शुद्धीवर होती.